एक अर्ज, सेहेचाळीस प्रती

घागकाकांना कोणी 'तुम्ही काही करू नका' असं सांगितलं, की ते ताबडतोब कामाला लागतात. कोपरच्या आनंदसागर सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरीनं पाण्याच्या टाकीवरून त्यांना हेच वाक्य ऐकवलं आणि सोसायटीला चार दिवस टँकर मागवावा लागला. पण तो विषय वेगळा आणि त्यात काकांची बाजू बरोबर होती असं काकांचं अजूनही म्हणणं आहे. इथे सांगायचंय ते निशिगंधाच्या इंटर्नशिपचं.

निशिगंधा ही परशुराम आणि प्रमोदिनी घाग यांची एकुलती एक मुलगी. ठाण्याच्या लॉ कॉलेजात चौथ्या वर्षाला. डिसेंबरात चार आठवडे एखाद्या वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी करायची, आणि 'या मुलीला आम्ही घेत आहोत' असं त्या ऑफिसचं पत्र नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कॉलेजात द्यायचं, असा नियम होता. पत्र नाही तर त्या विषयाला बसू देणार नव्हते, आणि विषय राहिला तर वर्ष लटकलं. नियम ऐकायला सोपा आहे. अडचण एवढीच, की वर्गातल्या शिवानीची आत्या वकील होती, आणखी एकीचे मामा हायकोर्टात होते, एकाचे वडील तर नोटरीच होते. घाग घराण्यात सात पिढ्यांत कोणी कोर्टात गेलेलं नव्हतं. काकांना इतकी वर्षं याचा मोठा अभिमान होता. आता तोच पोरीच्या आडवा आला.

निशिगंधानं एकसष्ट ठिकाणी मेल केले. दोन ठिकाणांहून यंत्रानं धन्यवाद दिले. एका ऑफिसनं 'आपला अर्ज पुढच्या वर्षी विचारात घेऊ' असं कळवलं. बाकी अठ्ठावन्न ठिकाणी शांतता. पोरगी जेवेनाशी झाली, आणि प्रमोदिनीबाईंनी केलेल्या घावन-चटणीकडे बघून 'नको गं आई' म्हणाली, तेव्हा काकांच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

"दाखव बघू, काय लिहितेस ते," रविवारी सकाळी ते म्हणाले.

"बाबा, नको ना. तुम्ही काही करू नका, प्लीज."

झालं. काकांनी चष्मा लावला.

मेल इंग्रजीत होता. सुरुवातीलाच, आपण कुशल असाल अशी आशा आहे, असं काहीसं लिहिलं होतं. मग आपल्याच ऑफिसात काम करण्याची आपली किती तीव्र इच्छा आहे ते होतं, आणि शेवटी नाव. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मोबाइल लांब धरून तिसऱ्यांदा वाचला.

"ते कुशल आहेत की नाहीत, याच्याशी आपला काय संबंध? विषय कुठाय? संदर्भ कुठाय? सहपत्रांची यादी कुठाय? अगं, हा अर्ज आहे की मैत्रिणीला चिठ्ठी?"

"बाबा, आता असंच लिहितात."

"म्हणून अशीच उत्तरं येतात."

हे बोलणं लागलं असावं, कारण ती मोबाइल घेऊन आत गेली. पण काकांचा नाइलाज होता. एकतीस वर्षं त्यांनी कल्याणच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत काढली होती. (कार्यालयाचं नाव नको, ते अजून तिथेच आहे.) ज्या कागदावर जावक क्रमांक नाही, तो कागद काकांच्या लेखी बेवारशी. असे एकसष्ट बेवारशी कागद आपल्याच पोटच्या पोरीनं जगभर सोडावेत, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं, तर त्याहून एका गोष्टीचं जास्त वाईट वाटत होतं. एवढी नोकरी केली, हजारो माणसं टेबलासमोरून गेली, पण मुलीसाठी एका वकिलाला फोन लावावा अशी ओळख आपण कमावली नाही. हे ते बायकोलाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कपाटातून कोरे फुलस्केप काढले.

सोमवारी निशिगंधा कॉलेजला गेली आणि काका मसुद्याला बसले. मसुदा गुप्त होता, म्हणजे अकरा वाजेपर्यंत तो फक्त दोन मजल्यांना माहीत होता.

पहिल्या आल्या विमलाबाई. त्या तळमजल्यावर वधू-वर सूचक केंद्र चालवतात. डोंबिवली पश्चिमेतली तीनशेच्या वर लग्नं त्यांनी जुळवली आहेत आणि त्यातली बहुतेक टिकली आहेत. त्यांनी निशिगंधाचा बायोडाटा हातात घेतला आणि नापसंतीचा च्यक् केला.

"घागकाका, यात मुलगी कुठे दिसतच नाही. नुसते मार्क. उंची नाही, स्वभाव नाही, अपेक्षा नाहीत. समोरच्यानं हो तरी कशावर म्हणायचं?"

"विमलाबाई, हे नोकरीचं आहे."

"नोकरीचं असू दे नाहीतर लग्नाचं. मुलगी चार आठवडे परक्या घरात जाणार ना? मग त्यांना आपलं माणूस कळलं पाहिजे, आणि आपल्यालाही ते कोण कुठले ते कळलं पाहिजे. नुसतं 'मला घ्या, मला घ्या' करत गेलं की भाव राहत नाही. अपेक्षा लिहा. अपेक्षा लिहिल्या की लोक सावरून बसतात."

काकांनी विचार केला. गोत्र आणि रास त्यांनी ठामपणे नाकारली, सरकारी कामात ते बसत नाही. पण स्वभाव आणि अपेक्षा हे दोन रकाने त्यांना पटले. तीनशे लग्नांचा अनुभव वाया घालवणं बरं नव्हे.

दुपारी आले काळुरामशेठ. आनंदसागर उभी आहे ती जमीन मुळात त्यांच्या वडिलांची, भाताची. आता शेठ चौथ्या मजल्यावर राहतात, पांढरी गाडी बाळगतात आणि शीळफाट्याच्या उरलेल्या जमिनीपायी बावीस वर्षं कोर्टात जातात.

"अवं काका, वकील पायजे तं पयले मना इचाराचा!" दारातूनच त्यांनी हाक दिली. "त्या कंपुटरान कनचे वकील गावतान? नव वकील बदलले मी. ह्ये घ्या."

त्यांनी टेबलावर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. व्हिजिटिंग कार्डांचा ढीग पडला. काही नवी, काही पिवळी, एकाला मासळीचा वास येत होता.

"हे सगळे तुमचे वकील?"

"माझे, माझ्या भावाचे, न् समोरच्या पार्टीचे पन. नोटिशीबरोबर येतान कार्डां. मी टाकत नाय. वकील तो वकील."

काकांनाही ते पटलं. कार्डं मोजली, सत्तेचाळीस भरली. आता खरा कार्यालयीन प्रश्न उभा राहिला: अर्ज 'प्रति' कोणाला? सत्तेचाळीस जणांना सत्तेचाळीस अर्ज पाठवणं हा काकांच्या मते निव्वळ गबाळेपणा. पद्धत ठरलेली आहे. अर्ज एकाच्या नावे करायचा आणि बाकीच्यांना खाली क्रमवार प्रत द्यायची, 'माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी'. म्हणजे कागद कोणाकोणाकडे गेलाय ते प्रत्येकाला कळतं, आणि मला मिळालाच नाही असं म्हणायची सोय राहत नाही. क्रम अर्थात सेवाज्येष्ठतेनं. वकिलांची सेवाज्येष्ठता कशी ओळखावी, यावर काका अर्धा तास थांबले, आणि मग त्यांनी कार्डं पिवळेपणाप्रमाणे लावली. सर्वांत पिवळं कार्ड 'प्रति'त गेलं. शेवटी सत्तेचाळिसाव्या जागी एक पांढरंशुभ्र कार्ड आलं: ॲड. जया टिपणीस, बाळकुम, ठाणे.

मेल पाठवताना आणखी एक चौकट दिसली. प्रतीच्या सीसीखाली बीसीसी. प्रमोदिनीबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मोबाइलवर भाचीला विचारून सांगितलं, की त्यात नावं टाकली तर ती एकमेकांना दिसत नाहीत.

"लपवून कशाला पाठवायचं?" काका दुखावले. "आपण काय निनावी तक्रार करतोय?"

आणि त्यांनी सेहेचाळीस पत्ते एका बोटानं, एकही चूक न करता, उघड्या चौकटीत टाकले. खाली सही केली 'परशुराम घाग, अर्जदाराचे पालक', आणि तीन वाजून दहा मिनिटांनी अर्ज रवाना झाला. जावक क्रमांक एक.

अर्ज पूर्ण द्यायला इथे जागा नाही, तो तीन पानी होता. पण काही भाग पुढे फार गाजला, तेवढा देतो.

"विषय: कु. निशिगंधा परशुराम घाग हिस आपल्या कार्यालयात चार आठवड्यांकरिता प्रशिक्षणार्थी म्हणून सामावून घेणेबाबत. संदर्भ: अर्जदाराने यापूर्वी वेळोवेळी केलेले एकसष्ट मेल (अनुत्तरित). स्वभाव: शांत, मनमिळाऊ. मोठ्यांना उलट बोलत नाही. अपेक्षा: कार्यालय सुसंस्कृत असावे. स्वतःची जागा असल्यास प्राधान्य. भागीदारी चालेल, परंतु भागीदारांत भांडण नसावे."

पहिलं उत्तर चाळीस मिनिटांत आलं. काकांनी टाळी वाजवली. एकसष्ट मेलना जे जमलं नाही ते विषय-संदर्भानं एका तासाच्या आत करून दाखवलं! उत्तर सर्वांत पिवळ्या कार्डाचं होतं. ते गृहस्थ लिहीत होते, की आपण नऊ वर्षांपूर्वी वकिली सोडली असून सध्या आपला लग्नाचा हॉल आहे. मुलीला बुकिंग पाहायचं काम चालत असेल तर समक्ष भेटावे. बायोडाटा आवडला. लग्न ठरल्यास हॉलमध्ये सवलत देऊ.

हे उत्तर त्यांनी एकट्या काकांना पाठवलं नव्हतं. सगळ्यांना पाठवलं होतं.

मग कल्याणच्या एका वकिलांनी सगळ्यांना विचारलं, की आपली प्रॅक्टिस चौतीस वर्षांची असताना आपलं नाव अकराव्या क्रमांकावर आणि आपल्याच माजी ज्युनिअरचं चौथ्या क्रमांकावर कसं. माजी ज्युनिअरनं सगळ्यांना कळवलं, की गुणवत्ता लोकांना आपोआप कळते. डोंबिवली पूर्वेच्या एका फर्मच्या दोन भागीदारांपैकी एकानं, 'भागीदारांत भांडण नसावे' हा टोमणा कोणी पुरवला, अशी विचारणा केली. दुसऱ्या भागीदारानं सगळ्यांसमोर उत्तर दिलं, की ज्याला लागलं त्यालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत शीळफाट्याच्या जमिनीचे दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांना सापडले. 'विद्वान मित्र इथे उपस्थित असल्याने त्यांना स्मरण करून देतो, की त्यांनी मार्चपासून कागदपत्रांची प्रत दिलेली नाही.' विद्वान मित्रांनी तिथल्या तिथे प्रत जोडली. एकशे चौदा पानं. ती सत्तेचाळीस ठिकाणी पोचली, आणि काकांच्या मोबाइलची जागा संपली.

निशिगंधाला हे कॉलेजच्या कँटीनमध्ये कळलं. शिवानीच्या आत्याचा क्रमांक तेविसावा होता. आत्यानं स्क्रीनशॉट शिवानीला पाठवला, शिवानीनं तो निशिगंधासमोर धरला आणि फक्त एवढंच विचारलं, "हे तुझे पप्पा आहेत?"

घरी आल्यावर निशिगंधा आरडाओरडा करेल, अशी काकांनी तयारी ठेवली होती. तिनं तो केला नाही. बॅग सोफ्यावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला आधी कोणी ओळखत नव्हतं. ते बरं होतं."

प्रमोदिनीबाईंनी पाण्याचा ग्लास आणला, तो कोणी प्यायला नाही. त्या दिवशी आनंदसागरच्या तिसऱ्या मजल्यावर घागांकडे टीव्ही लागला नाही.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण ज्यानं चूक केली त्यानंच ती निस्तरली पाहिजे असं काका मानतात, आणि कार्यालयीन चूक निस्तरायची एकच रीत त्यांना येते. मंगळवारी त्यांनी मान खाली घालून दिवसभर सगळी उत्तरं वाचून काढली. कोणीतरी लिहिलं होतं, 'उलट न बोलणारी मुलगी वकिलीत काय करणार? आमच्याकडे त्यासाठी पक्षकार आहेत.' हा आक्षेप त्यांना रास्त वाटला. बुधवारी सकाळी दहाला सर्व सत्तेचाळीस पत्त्यांवर जावक क्रमांक दोन रवाना झाला.

"शुद्धिपत्रक. आमच्या दि. सोमवारच्या अर्जातील 'मोठ्यांना उलट बोलत नाही' याऐवजी 'आवश्यकतेनुसार उलट बोलते' असे वाचावे. प्रतींचा क्रम व्हिजिटिंग कार्डांच्या पिवळेपणानुसार लावलेला आहे, याची नोंद घ्यावी. अर्जातील इतर मजकुरात बदल नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

या वेळी निशिगंधा खरंच ओरडली. इतकं, की विमलाबाई तळमजल्यावरून 'काय झालं, काय झालं' करत आल्या आणि 'अपेक्षा कमी केल्या का?' असं विचारून आगीत तेल ओतून गेल्या.

गुरुवारी दुपारी फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. ॲडव्होकेट टिपणीस यांच्या ऑफिसातून बोलतेय, निशिगंधा घाग यांनी उद्या साडेबाराला यावं. "आणि मॅडमनी सांगितलंय, अर्जदाराच्या पालकांनाही घेऊन या."

निशिगंधानं फोन ठेवला आणि वडिलांकडे बघितलं.

"मला कशाला?" काकांचा आवाज बारीक झाला होता. "केस घालतील का गं?"

"बाबा, उद्या तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

शुक्रवारी काळुरामशेठनी, कोणाकडे जायचंय ते न विचारताच, गाडी काढली. सगळ्या रस्ताभर ते निशिगंधाला धीर देत होते. "भ्यायचा नाय पोरी. वकिलाला वकील भ्यायला लागला तं कोर्टां बंद पडतील." बाळकुमला उंच उंच इमारतींच्या मधे, तळाला औषधांचं दुकान असलेल्या एका जुन्या बिल्डिंगवर 'ॲड. जया टिपणीस' अशी पाटी दिसली, आणि शेठनी करकचून ब्रेक लावला.

"ही? ही तं समोरच्या पार्टीची! दर तारखेला माझ्या वकिलाला रडवते. हिच्या दारान मी पाय ठेवाचा नाय. तुमी जा. मी गारीन बसतंय." एवढं बोलून त्यांनी काच वर केली, आणि मग पुन्हा खाली करून म्हणाले, "पन पोरी, शिकायचा असल तं हिच्याकडंच शिक."

टिपणीस मॅडम साठीच्या होत्या. केस पांढरे, आखूड कापलेले. टेबलावर दोन्ही बाजूंनी गठ्ठे रचलेले, मधे त्यांचा चेहरा दिसेल एवढी फट. त्या फटीत काकांचा अर्ज होता, छापलेला, आणि त्याला शुद्धिपत्रक टाचलेलं होतं. ते नीट डाव्या कोपऱ्यात टाचलेलं बघून काकांना उगाचच बरं वाटलं.

"बसा. हा तुम्ही लिहिलात?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी मान हलवली.

"छान. निशिगंधा, मार्क बघितले तुझे. मला मुलगी हवीच आहे. पण तुझा हा मेल आता ठाणे-कल्याणच्या निम्म्या वकिलांत फिरतोय. बार रूममध्ये काल दोघांनी मला विचारलं, ती अपेक्षावाली मुलगी तुम्ही घेताय का म्हणून. चार आठवडे तुला त्याच लोकांच्यात वावरायचंय. हसतील." त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तर असं कर. दोन ओळी लिहून दे. हा अर्ज माझ्या परवानगीशिवाय पाठवला गेला आणि माझा त्याच्याशी काही संबंध नाही. मी तो त्याच मेलवर सगळ्यांना पाठवते. विषय मिटला. तुझं काम पक्कं."

निशिगंधानं पेन उचललं. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. पाच वाजता कॉलेजची खिडकी बंद होणार होती.

"लिही बाळा," काका न राहवून बोलले. "लिही. खरंच आहे ते. चूक माझीच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? मॅडम, हवं तर मीच लिहून देतो, साक्षीदाराची सही करतो." आणि मग त्यांना आठवलं, की आपण बोलायचं नव्हतं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

निशिगंधानं त्या हातांकडे बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"परवानगी घेतली नव्हती, हे खरं आहे मॅडम. तेवढं लिहून देते. पण संबंध नाही, असं नाही लिहिणार."

"का? फायदा तुझाच आहे."

"कारण ते खोटं आहे. नाव माझं, मार्क माझे, वडील माझे. संबंध कसा नाही?"

"ठीक. मग चूक तरी मान्य करतेस? एकच अर्ज सत्तेचाळीस जणांना, सगळ्यांची नावं उघडी ठेवून. ही काय रीत झाली?"

"मॅडम, मी एकसष्ट मेल केलेले. प्रत्येकात लिहिलेलं, की मला फक्त तुमच्याच ऑफिसात काम करायची मनापासून इच्छा आहे. एकसष्ट वेळा लिहिलं. ते खरं होतं का? तुम्हाला रोज येतात ते मेलही सगळीकडे गेलेले असतात. फक्त यादी लपवलेली असते. बाबांनी एकदाच लिहिलं आणि कोणाकोणाला लिहिलं त्याची यादी समोर ठेवली. हसायचं असेल तर हसू देत. पण तुम्हाला आलेल्या सगळ्या अर्जांत खोटं न बोललेला तो एकच होता."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. कान लाल झाले होते. काका आ वासून बघत राहिले. घरात ही मुलगी 'बाबा प्लीज' आणि 'बाबा नको'च्या पुढे फारसं जात नसे. ही एवढी वाक्यं तिच्याकडे होती कधी? त्यांना आनंद झाला, आणि इतका झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी छतावरच्या पंख्याचं निरीक्षण सुरू केलं.

टिपणीस मॅडमनी चष्मा पुसला. "आणि इथे लिहिलंय, की मुलगी उलट बोलत नाही."

"त्याचं शुद्धिपत्रक निघालंय," काका पंख्याकडे बघत म्हणाले.

मॅडम हसल्या. आधी नुसत्या ओठांनी, मग एकदम मोठ्यानं, गठ्ठ्यांवरची धूळ उडेल इतक्या. त्यांनी कोरा कागद परत ओढून घेतला आणि फाडून टाकला. "माझं नाव यादीत शेवटी होतं. पिवळ्या कार्डांचं गणित नंतर कळलं मला, माझं कार्ड ऑफिस बदललं म्हणून नवं आहे. पण मी कागद शेवटपर्यंत वाचते. आणि घाग, त्या शीळफाट्याच्या केसमध्ये समोरच्या वकिलानं मार्चपासून अडवून ठेवलेली प्रत तुमच्या मेलवर चार मिनिटांत दिली. तेवढ्यासाठी तरी तुमचं तोंड बघायचं होतं." मग निशिगंधाकडे वळून त्या म्हणाल्या, "एक डिसेंबर. सकाळी दहा. कोर्टात माझ्याबरोबर यायचं, पायात नीट चपला घालायच्या, दिवसभर उभं राहावं लागतं. आणि ते आजूबाजूचे हसले की हे जे आत्ता मला बोललीस ते त्यांनाही बोलायचं."

"थँक यू मॅडम. आणि पत्र?"

"हां, पत्र. अगं, टायपिस्ट कोर्टात गेलाय आणि लेटरहेडचं कपाट त्याच्या किल्लीनं बंद आहे. सोमवारी या, मिळून जाईल."

'सोमवारी या' हे शब्द कानावर पडताच काका सवयीनं उभे राहिले. एकतीस वर्षं हे वाक्य त्यांनी रोज म्हटलं होतं. साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. शिक्का आत आहे, सोमवारी या. हे ऐकलं की समोरचा माणूस मुकाट्यानं पिशवी उचलतो आणि जातो, अशी जगाची रीत आहे असंच त्यांना वाटत आलं होतं. त्या माणसांना शुक्रवारी कुठे काय द्यायचं असेल, हे कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं. आत्ता आलं.

"चल बाळा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कॉलेजला विनंती करू."

निशिगंधा उठली नाही. तिनं खुर्ची टेबलाजवळ थोडी पुढे घेतली आणि बॅग मांडीवर ठेवली.

"सोमवारी उपयोग नाही मॅडम. आज पाचपर्यंत लागतंय. मी थांबते."

"अगं, तो चारला येईल नाहीतर येणारही नाही."

"चालेल. मी थांबते."

टिपणीस मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि त्यांनी फोन उचलून टायपिस्टला विचारलं, "अरे, त्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे ठेवतोस तू?"

काकांनी बाजूची खुर्ची ओढली आणि ते मुलीच्या शेजारी जाऊन बसले.